तिसरा आग्रह

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पारा शून्याखाली एकोणीस. गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

नव्या साहेबांनी आज आमच्या देणगी कार्यालयात भिंतीभर पडदा लावला. हेल्गेसेट कॉलेजचे सगळे जुने विद्यार्थी त्यावर ठिपके होऊन बसलेत. देणगीला हो म्हणाला तो हिरवा, बघू म्हणाला तो पिवळा, नाही म्हणाला तो लाल. लाल झाला की वर्षभर त्याच्या दारात जायचं नाही. साहेब म्हणजे प्रेस्टन व्हिटलो, वय अडतीस, जॉर्जियाचा. मनाने चांगला आहे. पण आमच्या मिनेसोटातल्या माणसाचं 'नाही' त्याला खरंच नाही वाटतं! एकतीस वर्षं मी या कॉलेजसाठी मागत फिरतेय. पहिल्याच फटक्यात हो म्हणालेला एकच माणूस भेटला, आणि तो आमच्या एका लुथरन मुलीशी लग्न करून आलेला शिकागोचा कॅथलिक निघाला.

माझी पद्धत साधी. पहिल्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, छे, मी कोण देणारा. दुसऱ्यांदा म्हणतो, माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत, त्यांना विचारा. तिसऱ्यांदा विचारलं की खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, बरं, तुमची अडचण होत असेल तर. कॉफीचंही तेच. दोनदा नको म्हटल्याशिवाय आमच्या आईने कुणाच्या घरी कॉफी प्यायल्याचं मला आठवत नाही. तिसऱ्यांदा आग्रह झाला की समजायचं, समोरच्याच्या मनात आहे. दोनदा विचारून थांबला तर रीत म्हणून विचारलं, संपलं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. प्रेस्टनला शिकवायला गेले तर त्याने वहीत लिहून घेतलं!

१५ फेब्रुवारी

प्रेस्टनने विचारलं, जूनअखेर निवृत्त होताय, निरोपसमारंभ करायचा ना? म्हटलं, नको, कशाला उगीच. तो 'ठीक आहे' म्हणाला आणि वहीत काट मारली.

काट मारली!

२० फेब्रुवारी

नायगार्डबाईंकडे जाऊन आले. ऑर्फा नायगार्ड — चौथीत मला शिकवायला होत्या. आता अठ्ठ्याऐंशी. त्याही हेल्गेसेटच्याच, त्रेपन्न सालच्या. लग्न केलं नाही. वडिलांची एकशे साठ एकर जमीन आहे, तिथल्याच घरात एकट्या राहतात. जमीन चौदा वर्षं डॅग्नी राव्हन्डाल खंडाने करते. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, गावातली शाळा बंद पडली त्या शेवटच्या वर्गातली. नात्याची नाही, पण बाईंच्या दारातला बर्फ, डॉक्टर, रविवारचं चर्च, सगळं तीच बघते. तिची स्वतःची वीतभरही जमीन नाही. नवरा शाळेची बस चालवतो.

कॉलेजच्या गायनवृंदाला शिष्यवृत्त्या हव्यात. मी बाईंना समजावून सांगितलं: जमीन आता कॉलेजच्या नावे करायची, तुम्ही असेपर्यंत घर आणि उत्पन्न तुमचंच, पुढे कॉलेजचं. एकदा कागद नोंदवला की मागे घेता येत नाही, तेही सांगितलं. ते सांगावंच लागतं.

बाई म्हणाल्या, मी कसली देणगीदार, मी अजून चहाची पिशवी दोनदा वापरते. मी विषय बदलला. दोन कप कॉफी झाली (अर्थात दोनदा नको म्हणून).

पडद्यावर बाई लाल झाल्या. प्रेस्टनला म्हटलं, राहू दे तो ठिपका, मी बघते. त्याने भुवया उचलल्या. ती गायनवृंदाची शिष्यवृत्ती नसती तर मी स्वतः आज कुठल्या तरी पोल्ट्रीत अंडी मोजत असते, हे त्याला सांगितलं नाही.

२ मार्च

बर्फ. ऑफिस बंद. दिवसभर कपाटं आवरली. कशाला ते ठाऊक नाही.

१४ मार्च, गुरुवार

पुन्हा बाईंकडे. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे इतकी मोठमोठी माणसं येतात, डॉक्टर, वकील, त्यांना विचार की. म्हणजे दुसरं नाही. ठरल्याप्रमाणे.

मग निघायला पाऊण तास. स्वयंपाकघरात निरोप, दारात निरोप, अंगणात निरोप. खरं बोलणं आमच्याकडे गाडीच्या दारापाशी होतं, एक हात दारावर, किल्ली हातात. बाई कोटाची कॉलर धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"जमीन मला डॅग्नीला द्यायची होती गं. नाताळात विचारलं, तर नको म्हणाली. जानेवारीत परत विचारलं. तेव्हाही नको. मग मी सोडून दिलं. माणसावर जबरदस्ती कशी करायची?"

आणि माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर बघायच्या तशा.

मी म्हटलं, "बाई, आत जा, गारठा बाधेल."

संध्याकाळी भेटीचा अहवाल लिहिला. दर भेटीनंतर लिहावा लागतो, काय बोलणं झालं ते. लिहिलं: प्रकृती चांगली. विषय निघाला. आणखी एकदा भेटावं. डॅग्नीचं लिहिलं नाही. अहवाल आटोपशीर असावा असं प्रेस्टनच म्हणतो.

दोनदा नको म्हणजे काय, ते मला कळत नाही असं थोडंच आहे. पण मी मध्ये बोलणारी कोण? तो त्या दोघींचा प्रश्न.

१५ मार्च

आणि समजा डॅग्नीला खरंच नको असेल. काही जणांना खरंच नको असतं.

२६ मार्च

बियाण्याच्या दुकानात डॅग्नी भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओट्सच्या पोत्याची पावती. ती मोजकंच बोलते. म्हणाली, उत्तरेकडून वारा फार लागतो, त्या बाजूला झाडांची रांग लावायची किती वर्षं मनात आहे. पण खंडाच्या जमिनीत झाडं कोण लावतं. मी म्हटलं, हो ना. मग पावतीची घडी घालत म्हणाली, बाई ईस्टरला जेवायला येणारेत आमच्याकडे. बघू.

'बघू' म्हणताना मान खाली होती. कान लाल झाले होते. थंडीने असतील.

ईस्टर एकवीस एप्रिलला. बाईंकडे माझी तिसरी खेप सोळाला आहे. ती आधीच ठरलेली होती. मी मुद्दाम अलीकडे आणलेली नाही, हे इथे लिहून ठेवते.

३ एप्रिल

प्रेस्टनने देणगीदारांच्या भिंतीसाठी अर्ज छापले. 'नाव लावू नये' असा चौकोन आहे. एकूण एक जणांनी त्यात खूण केलीय! तो खूश, आपले लोक किती निरपेक्ष म्हणून. आता भिंतीवर नाव दिसलं नाही की हीच मंडळी दोन वर्षं कॉलेजच्या जेवणाला फिरकणार नाहीत. सगळ्यांना पुन्हा फोन करायला बसले. मेर्ल ओप्सालने तिसऱ्या आग्रहाला स्पेलिंगसकट नाव सांगितलं.

१६ एप्रिल, मंगळवार

हो म्हणाल्या.

नीट लिहिते. टेबलावर लिंबाच्या वड्या होत्या. मी तिसऱ्यांदा विषय काढला, आवाज न चढवता, नेहमीसारखा. बाई थोडा वेळ टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत बसल्या. मग म्हणाल्या, "डॅग्नीला नकोच आहे ना गं? तुला काय वाटतं?"

सरळ प्रश्न. बाई कधी कुणाला इतकं सरळ विचारत नाहीत.

मी म्हटलं, "तिने तुम्हाला सांगितलंच आहे ना, बाई."

खोटं बोलले नाही. एक शब्दही खोटा नाही.

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. शेतात अजून पाणी साचलेलं होतं. म्हणाल्या, "बरं. कॉलेजची अडचण होत असेल तर."

१८ एप्रिल

ईस्टरआधीचा गुरुवार. सकाळी वकिलाकडे सह्या, दुपारी कचेरीत नोंदणी. बाईंचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. सही करताना मला म्हणाल्या, तुझा ओळी वाकड्या जाण्याचा रोग गेला का? ऑफिसात घंटा वाजवली, मोठी देणगी आली की वाजवतात. एकतीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा वाजली. सगळे उभे राहिले. मी 'अरे, बसा बसा' म्हणत होते आणि कुणी बसू नये असं वाटत होतं. तेव्हा बरं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

प्रेस्टनने विचारलं, लालचा हिरवा कसा केलात? म्हटलं, तीनदा विचारलं. तो हसला. त्याला गंमत वाटली.

२५ एप्रिल

बाईंचं कार्ड आलं. त्या फोन करत नाहीत, कार्ड लिहितात. ईस्टरच्या जेवणात डॅग्नीला सगळं सांगितलं म्हणे. "ती म्हणाली, फार छान झालं, बाई. मग बटाट्याचं भांडं घेऊन आत गेली. भांडी फार पडली होती, म्हणून बराच वेळ बाहेर आली नाही."

इतकंच. खाली नाव.

कार्ड फाइलला लावायला हवं. अजून पर्समध्येच आहे.

९ मे

नायगार्डबाई काल सकाळी गेल्या. डॅग्नी अंडी घेऊन गेली होती, तिला सापडल्या. खुर्चीत बसलेल्या होत्या.

१३ मे, सोमवार

अंत्यविधी. चर्च भरलं होतं. स्तोत्राला सगळे चार सुरांत गातात, सांगावं लागत नाही. मी मधला सूर धरला आणि दुसऱ्या कडव्यात सोडला.

नंतर तळघरात जेवण. हॅमचे बन, लोणचं, कॉफीचे दोन मोठे बंब, सतरा तऱ्हेच्या वड्या. शेवटची लिंबाची वडी कुणी घेईना. जो येई तो अर्धी कापून अर्धी ठेवी. होता होता नखाएवढी उरली. मग प्रेस्टन आला आणि ती उचलून तोंडात टाकली. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. त्याला पत्ताही नाही!

भांडी पुसायला डॅग्नी होती, मी तिच्या शेजारी उभी राहिले. मग ती म्हणाली,

"बाईंनी जमीन मला देऊ केली होती. ठाऊक आहे तुम्हाला?"

म्हटलं, "हो."

"दोनदाच विचारलं त्यांनी." ती बशी पुसत होती, ती कोरडी झाली तरी पुसत होती. "म्हणजे मनात नव्हतं त्यांच्या. चौदा वर्षं जाऊन-येऊन होते, म्हणून रीतीला धरून विचारलं असेल. मी उगीच वाट बघत बसले. राग नाही हं मला. कॉलेजला गेली ते चांगलंच."

मी पुढची बशी घेतली.

मला लाज वाटली. असं वाक्य मी या वहीत कधी लिहिल्याचं आठवत नाही. जमीन गेली एवढंच असतं तर एक वेळ ठीक. पण बाईंचा आपल्यावर जीव नव्हता असं समजून डॅग्नी भांडी पुसतेय, आणि ते खोटं आहे हे जगात एकट्या मला माहीत आहे.

१४ मे

बाईंनी मला दोनदा विचारलं. एकदा गाडीपाशी, एकदा टेबलावर. कुणीतरी म्हणावं म्हणून विचारत होत्या — बाई, अजून एकदा विचारा तिला. एवढंच वाक्य हवं होतं त्यांना. आणि तिसऱ्यांदा विचारण्याशिवाय जिने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्या मलाच विचारत होत्या.

२२ मे

पदवीदान. ऊन. नवा गायनवृंद फार सुरेख गायला.

३ जून

कॉलेजने ठरवलं, जमीन शरदात लिलावाने विकायची. आयोवाचे एक मोठे शेतीवाले आत्ताच चौकशी करताहेत. पीक निघाल्यावर डॅग्नीचा खंड संपेल. प्रेस्टन तिला रीतसर पत्र पाठवतोय. पत्र मी तपासलं. एक स्वल्पविराम घातला.

७ जून

झोप नीट नाही. डॉक्टर म्हणतात, निवृत्तीच्या आधी होतं असं.

१० जून, सोमवार

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी गेले. चौदा मार्च आणि सोळा एप्रिल, दोन्ही भेटींचे अहवाल पुन्हा लिहिले. बाई काय म्हणाल्या, शब्दाला शब्द. मी काय म्हटलं, तेही. वर आजची तारीख घातली, 'उशिरा लिहिलेला' असं लिहिलं, सही केली, बाईंचं कार्ड जोडलं आणि प्रेस्टनच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्याने दोनदा वाचलं. इथल्या रीतीभाती त्याला कळत नाहीत, पण वाचलेलं कळतं.

"तुम्ही हे तेव्हाच का नाही लिहिलंत?"

म्हटलं, "लिहिलं असतं तर तू सरळ डॅग्नीला फोन करून विचारलं असतंस."

"अर्थात विचारलं असतं."

"म्हणूनच."

तो खुर्ची फिरवून पडद्याकडे बघत बसला. बाईंचा ठिपका अजून हिरवाच आहे. मग म्हणाला, हे अध्यक्षांकडे न्यावं लागेल, तुमच्या नावानिशी. म्हटलं, नेच.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्याने विचारलं, "त्या निरोपसमारंभाचं... फेब्रुवारीत तुम्ही नको म्हणालात, ते पहिलं नको होतं का?"

म्हटलं, "हो. पण आताचं नको खरं आहे."

त्याचा गोंधळ झाला. चेहऱ्यावर दिसला.

२५ जून

अध्यक्षांनी बोलावलं. चौथ्या मजल्यावर मी नेहमी कुणाला तरी घेऊन गेलेय, एकटी पहिल्यांदा. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, कागदाने जमीन कॉलेजची आहे, त्यात बदल नाही. पण देणारीच्या मनात काय होतं ते आता लेखी समोर आलंय, ते वाचल्यावर लिलाव करायला त्यांचं मन घेत नाही. आधी डॅग्नीला विचारायचं. आज जेवढा खंड भरते तेवढाच हप्ता, आणि पंचवीस वर्षांनी जमीन तिची. शिष्यवृत्त्याही त्यातूनच निघतील. कागद तयार करून प्रेस्टन स्वतः जाईल.

मग म्हणाल्या, वार्षिक अंकात तुमच्यावर लेख येणार होता, तो थांबवतेय. म्हटलं, साहजिक आहे.

जिना उतरताना वाटलं, थोडा तरी आग्रह करतील, राहू दे लेख म्हणून. काय माणूस आहे मी!

२८ जून, शुक्रवार

शेवटचा दिवस. खोक्यात भरायला फार काही निघालं नाही. कप, छत्री, स्तोत्रांचं पुस्तक, पेन्सिलींना टोक करायचं जुनं यंत्र.

जॉर्जियाहून प्रेस्टनच्या आईने अक्रोडासारखे ते त्यांचे पिकान पाठवले होते, डबाभर. म्हणाला, तुमच्यासाठी. मी म्हटलं, अरे नको. त्याने डबा परत खणात ठेवला.

गाडीत बसून हसले. बऱ्याच दिवसांनी.

२ जुलै

प्रेस्टनचा फोन. काल डॅग्नीकडे गेला होता. ती नको म्हणाली. म्हणजे आता फाइल बंद आणि लिलाव, असं त्याने कळवलं.

विचारलं, तू किती वेळा विचारलंस? एकदा, म्हणाला. पण तिने कारणही सांगितलं म्हणे. जमीन मला द्यायचं बाईंच्या मनात नव्हतं, मग आता त्यांच्या माघारी कशी घेऊ?

मग हे पहिलं नको नव्हे. हे तिचं खरं नको आहे. तिसऱ्या आग्रहानेही हलणार नाही.

तिला तू अहवाल दाखवलास का, विचारलं. नाही म्हणाला, ते तुमचं खासगी वाटलं. कधी नव्हे ते त्याने आमच्यासारखं केलं, तेही नेमकं इथे! म्हटलं, फाइल बंद करू नकोस. कागद माझ्याकडे पाठव.

५ जुलै, शुक्रवार

डॅग्नीकडे गेले. स्वयंपाकघरात बसवलं तिने. बाईंनी गाडीपाशी काय सांगितलं ते सांगितलं. टेबलावर काय विचारलं ते सांगितलं. मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. आणि ईस्टर पाच दिवसांवर होता हे मला माहीत होतं, तेही.

ती ओट्याकडे वळून भांडी विसळत राहिली. मग हात पुसून आली, बसली, कागद पुढे ओढले आणि सही केली. प्रत्येक पानावर.

मग उठली आणि म्हणाली, कॉफी घेणार?

मी म्हटलं, नको.

तिने परत विचारलं नाही.